फणीचा दात

मंगळवार, रात्री साडेदहा

लाईट गेलीय. आमच्या गल्लीत लाईट गेली की आधी पाऊस ऐकू येतो, मग शेजारच्यांचं भांडण, मग आज्जीचा खोकला. एरवी घरातले दोन माग चालू असतात, त्यात यातलं काहीच कानावर पडत नाही. मंगाईची यात्रा तोंडावर आलीय आणि बेळगावच्या आमच्या वडगावात नुसता चिखल. मेणबत्ती लावून बसलेय. आज सतरा शब्द पाठ करायचे होते, सहा झालेत.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी इंग्रजीत, आणि आता हा ऑपरेशन थिएटरचा डिप्लोमा. पीयूसीत निदान इंग्रजी तरी इंग्रजीसारखं होतं. इथं पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, अर्ध्या फळ्याएवढा. मी वहीत देवनागरीत उतरवून घेतला: कोलेसिस्टेक्टमी. शेजारची गोकाकची मुलगी तोच शब्द कन्नडात लिहीत होती. दोघींनी एकमेकींच्या वहीत बघितलं आणि हसू आवरेना. मैत्री तिथं झाली.

पहिले तीन महिने मी सगळं असंच देवनागरीत लिहून पाठ केलं, आणि पहिल्या चाचणीत त्याची शिक्षाही मिळाली. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम, आणि खुब्याचं मोठं पसरट हाडही इलियम. इंग्रजीत मधलं एक अक्षर वेगळं आहे, माझ्या वहीत दोन्ही एकच. 'इलियम कुठे असतो' या प्रश्नाला मी आतडं लिहिलं, प्रश्न हाडांच्या धड्यातला होता. दोन मार्क गेले. त्या दिवसापासून स्पेलिंग लिहिते आणि अर्थ मराठीत लिहिते, उच्चार आपोआप बसतो.

खरं म्हणजे तो अर्ध्या फळ्याचा शब्द फोडला तर त्यात काही नाही. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. नववीत आमचे मराठीचे सर समासाचा विग्रह करायला लावायचे, आणि हा कधी आयुष्यात उपयोगी पडणार असं आम्ही मागच्या बाकावर म्हणायचो. पडला. आता कुठलाही शब्द दिसला की मी शेपटीपासून सोडवायला घेते. शेवटी आयटिस असेल तर सूज. ऑटमी असेल तर चिरणं, एक्टमी असेल तर काढून टाकणं, ऑस्टमी असेल तर तोंड करून ठेवणं. या तिघांत गल्लत झाली तर परीक्षेत मार्क जातील, थिएटरमध्ये अवजारांचा ट्रेच चुकीचा लागेल. सिस्टर म्हणाल्या, शब्द नीट ऐका, ट्रे शब्दावर लागतो.

बाकी शब्द मोठ्या माणसांनी मोठेपणासाठी ठेवले असतील असं वाटलं होतं, तसं नाही निघालं. गुडघ्यावरचं हाड पटेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी थाळी. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. गोकाकवालीला विचारलं, ती म्हणाली मंडीचिप्पु, चिप्पु म्हणजे करवंटीसारखं कवच. तीन भाषांतल्या तीन बायकांनी स्वयंपाकघरातून उठून नाव ठेवावं तसं. पाठीच्या कण्याच्या टोकाला कॉक्सिक्स, ते ग्रीकांना कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं. आम्ही म्हणतो माकडहाड. इथं मात्र मला आपलंच बरं वाटतं. कोकिळेची चोच जवळून बघितलीय कुणी?

मेणबत्ती संपत आलीय. अकरा शब्द उद्या बसमध्ये.

गुरुवार

आज लाज गेली, लिहूनच टाकते.

ओपीडीत एक मावशी आल्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या. सिस्टर दुसरीकडं अडकलेल्या, मला म्हणाल्या, काय होतंय ते विचारून कागदावर लिही. मी रुबाबात विचारलं. मावशी म्हणाल्या, "मंडी नोव." माझं कन्नड शाळेतलं, वर बाजारातलं. नोव म्हणजे दुखणं, एवढं पक्कं. मंडी म्हणजे मांडी, त्यात काय विचारायचं? लिहिलं, मांडी दुखते, दोन महिने. गोकाकवालीनं मागून कागद बघितला आणि तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. कन्नडात मंडी म्हणजे गुडघा. परवा पटेलाचं कन्नड नाव तिनंच सांगितलं होतं, मंडीचिप्पु, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. लिहिलं आणि सोडून दिलं. मावशी मात्र हसल्या नाहीत, त्यांनी सरळ लुगडं वर करून सुजलेला गुडघा दाखवला. तो आधी बघायला काय झालं होतं मला?

पुस्तकात प्रत्येक दुखण्याला एक नाव आहे, माणसं मात्र ते नाव घेऊन येत नाहीत. उसण भरली म्हणतात, शीर आखडली म्हणतात, बेंबी सरकली म्हणतात. आमची आज्जी तर काळजात धस्स झालं म्हणताना छातीवर हात ठेवते, आणि रविवारी मटणाच्या दुकानातून काळीज आण म्हणते तेव्हा तिला यकृत हवं असतं. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं ते अजून कुणी शिकवलेलं नाही. मी वहीच्या मागच्या पानापासून एक यादी सुरू केलीय, मराठी एका बाजूला, कन्नड दुसऱ्या. पहिली ओळ: मांडी, मंडी, सावध.

शुक्रवार, पहाटे

झोप लागेना म्हणून उठले. माग अजून सुरू व्हायचेत.

काल दुपारी ऊतींचा धडा झाला. ऊती हा शब्द आम्ही शाळेतच शिकलो होतो, पण तो कुठून आला ते विचारायचं कधी सुचलं नाही. इंग्रजीत टिश्यू, तो फ्रेंचमधून आलाय, अर्थ विणलेलं. त्या विषयाला हिस्टॉलॉजी म्हणतात, त्यातला हिस्टोस ग्रीक, म्हणजे माग, मागावरचं कापड. मग घरी येऊन संस्कृतचा कोश उघडला, ऊति म्हणजे विणणं. म्हणजे फ्रेंच, ग्रीक, संस्कृत, तिघंही सूक्ष्मदर्शकाखाली बघून तेच म्हणतायत जे आमच्या घरात सकाळी सहापासून चालू असतं. चूक लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे. बिशा नावाचा फ्रेंच डॉक्टर होता, त्यानं शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या करून सांगितल्या, आणि सूक्ष्मदर्शक वापरलाच नाही. कापून, वाळवून, उकळून, हातानं चाचपून. १८०२ मध्ये गेला तेव्हा जेमतेम तिशीचा. आप्पा डोळे मिटून दोन बोटांत धागा धरतात आणि सांगतात कुठला आहे. त्यांना हा बिशा लगेच कळला असता.

गोकाकवालीला टिश्यू आणि हिस्टोसचं कालच, धडा संपल्यावर, सांगितलं होतं. तिचे मामाही विणकर. ती म्हणाली, "तुमच्यात माग, आमच्यात मग्ग. मग ह्यात तुझं काय आणि माझं काय?" आणि डबा उघडला.

शनिवार, रात्री

आज जे झालं ते लिहायचं की नको, दोनदा वही मिटली.

या आठवड्यात आमची पोस्टिंग कान-नाक-घशाच्या ओपीडीत आहे. सकाळी सरांनी कानाचं मॉडेल उघडून दाखवलं. मधल्या कानात तीन हाडं, हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तीन मिलिमीटरच्या आसपास. पडदा हलला की हातोडा हलतो, हातोडा ऐरणीला ढकलतो, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या पाण्याला धक्का देते. पुढं गोगलगाय. लॅटिनमध्ये कॉक्लिया म्हणजे तेच, अडीच वेढ्यांची. तिच्यात केसांसारखे बारीक तुरे असलेल्या पेशी रांगेनं उभ्या असतात, आतल्या बाजूला एक रांग, बाहेर तीन. पाणी हललं की तुरे वाकतात आणि आवाज मेंदूकडं जातो. बारीक, चिरके आवाज गोगलगाईच्या तोंडापाशी ओळखले जातात, जाडे आवाज आत टोकाला.

मग सर म्हणाले, या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं काढले की आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक आवाज ओळखणाऱ्या, जातात. कुणीतरी विचारलं, ८५ म्हणजे किती? सर म्हणाले, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर ८५ झाले समजा.

आमच्या मागाच्या खोलीत आवाज चढवूनही भागत नाही. आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ उघडली म्हणजे कांडी संपली, मनगट दाखवलं म्हणजे किती वाजले.

आणि मला भाताची गोष्ट आठवली. गेल्या महिन्यात आप्पांना म्हटलं, "बसचा पास संपलाय." ते म्हणाले, "मग भात लाव की." घरात सगळे हसले, मीच सगळ्यात जास्त. आई म्हणाली, लक्ष नसतं ह्यांचं. आज सरांनी फळ्यावर लिहिलं: बारीक आवाज जातात म्हणजे स, श, फ, थ, ट यांसारखी व्यंजनं आधी जातात, स्वर राहतात. माणूस म्हणतो, ऐकू येतंय पण कळत नाही. पास, भात. आ तेवढा राहिला होता. ते लक्ष देऊनच ऐकत होते.

हे इथंच संपलं असतं तर बरं. तपासणीच्या खोलीतल्या टेक्निशियन ताईंना मशीन दाखवण्यासाठी कुणीतरी हवं होतं, मी पुढं झाले, काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसले. आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. रेघ वर असली की चांगलं, खाली गेली की कमी. लाल रेघ सरळ आली. निळी येता येता ४००० पाशी खड्ड्यात गेली आणि ८००० ला परत वर आली. मुली मशीन बघत होत्या, कागद कुणी नीट बघितला नाही. ताईंनी बघितला. "घरी काय करता?" एवढंच विचारलं.

मी आठवून बघितलं. मी अभ्यासाला भिंतीशी टेकून बसते, माग डाव्या हाताला. पहिलीपासून.

रविवार

आज माग बंद, म्हणून आप्पा दुपारी मोकळे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर गोगलगाय काढली, मोठी, रंगीत पेन्सिलीनं. माझ्या तपासणीबद्दल काही बोलले नाही. घरात मी "आज कान शिकलो" म्हणते, इथं वहीत लिहिताना "शिकले" लिहिते. आमच्याकडं मुलीही आलो-गेलोच म्हणतात, शाळेनं लिहिण्यापुरतं सुधारलंय. हे असंच मध्ये आठवलं.

आप्पा समोर बसले. मी त्यांच्या समोर, तोंड दिसेल असं, आणि हळू बोलले. ओरडले नाही. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, स आणि ट होत नाहीत, हे काल कळलंय. त्यांनी बोट फिरवत फिरवत आतल्या वेढ्यापर्यंत नेलं. तुऱ्यांच्या रांगा मी वेगळ्या मोठ्या करून काढल्या होत्या. त्यातले तोंडाजवळचे काही आडवे पडलेले दाखवले होते.

तिथं बोट थांबलं.

"ही फणी हाय की," म्हणाले.

मागावरच्या फणीतून ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा जातो, ती आडव्या बाण्याला ठोकून बसवते. तिचा एक दात वाकला तरी साडीभर उभी रेघ येते, सुरुवातीपासून पदरापर्यंत. विणताना दिसत नाही, घडी उलगडली की दिसते. ती साडी व्यापारी बाजूला काढतो आणि कमी पैसे लावतो. हे त्यांनी मला सांगितलं, मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलेलं, आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

मग म्हणाले, "बदलायला येत न्हाई काय?"

मी मान हलवली.

"मशीन असतंय न्हवं कानाचं?"

"असतंय. तपासून घ्यावं लागतंय आधी. आणि उरलेले दात तरी ऱ्हायला पायजेत." बॅगेतून डबी काढली. काल येताना मेडिकलमधून इयरप्लग आणले होते, दोन जोड्या. कसे पिळायचे, कसे घालायचे, कान वर ओढून, ते दाखवलं. त्यांनी एक हातात घेतला, दोन बोटांत दाबला, फुगेपर्यंत बघत बसले. धागा बघतात तसं.

"हे घातल्यावर धागा तुटलेला कसा कळंल?" त्यांनी विचारलं. मागाच्या आवाजातला फरक त्यांना आधी कळतो, धागा नंतर दिसतो. चाळीस वर्षं ते तसंच काम करतायत. याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. उद्या सरांना विचारायचंय.

दोन जोड्या का आणल्यास, हे आईनं विचारलं. एक तुला, म्हटलं. आईनं डबी देवळीत ठेवली, आप्पांच्या तंबाखूच्या पुडीशेजारी.

अभ्यासाला आज स्वयंपाकघरात बसलेय. गॅसशेजारी, पाय दुमडून, जागा अगदी कमी. मंगळवारचे सतरा अजून नऊवर आहेत.

सोमवार, सकाळी सहा, घाईत

मागाचा आवाज आला म्हणून जाग आली. एकच माग चालू आहे, दुसरा नाही. देवळीतली डबी उघडलेली आहे. तीन प्लग आत, एक नाही. एकाच कानात घातलाय बहुतेक, दुसरा धाग्यासाठी मोकळा ठेवून.

बस सव्वासातला.