दुखत होता गुडघा, बिघडला होता खुबा

दिवाळीनंतर आमचा तेरा वर्षांचा मुलगा डावा गुडघा दुखतो म्हणायला लागला. अंगाने भरलेला, त्यात वर्षभरात उंचीही झपकन वाढलेली. सासूबाईंनी तेल चोळलं. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्यात काही नाही, म्हणून नी-कॅप आणि गोळ्या. यात सात आठवडे गेले.

मला शंका आली ती बुटाच्या नाडीमुळे. नाडी बांधायला पाय वर घेतला की गुडघा सरळ छातीकडे न येता बाहेर फिरायचा. चालतानाही पाऊल बाहेर वळलेलं, जरासा लंगडायचा.

मग अस्थिरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आडवं झोपवून पाय वाकवला आणि आत वळवायला गेल्या, तसा तो कळवळला. लगेच खुब्याचे दोन एक्स-रे, एक समोरून आणि एक बेडकासारखे पाय फाकवून. दुसऱ्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याची घसरण मलासुद्धा दिसली.

"चुंबळीवरून घागर सरकते ना, तसं," त्या म्हणाल्या. मांडीच्या हाडाचा गोळा आणि खालची मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. या वयात ती कमकुवत, आणि वजनाचा ताण सगळा तिच्यावर. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा एकच, म्हणून कळ गुडघ्यात.

"आता एक पाऊलही टाकायचं नाही." चालत आलेलं पोर व्हीलचेअरवर! मला ते अतीच वाटलं. पण गोळा अचानक पूर्ण सरकला तर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं, हे ऐकलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मला वाटायचं गोळा ओढून जागेवर बसवतील. तसं नाही, आहे तिथेच एक स्क्रू घालून थोपवला. जखम दोन टाक्यांची. कधी कधी थायरॉइडच्या बिघाडानेही असं होतं, म्हणून तोही तपासून घेतला, नॉर्मल आला. नातेवाइकांनी मात्र निदान आधीच करून ठेवलं होतं: "वडापाव कमी करा."

सहा आठवडे कुबड्या. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट शिक्षकांसाठी. दोन अर्ज आणि एक भांडण, तेव्हा कुठे किल्ली मिळाली.

हा आजार दुसऱ्या खुब्यालाही होऊ शकतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासण्या आहेत. परवा म्हणाला, "आई, उजवा गुडघा." त्याच संध्याकाळी खुब्याचा एक्स-रे काढून आणला. खुबा ठीक निघाला. बाकाचा कोपरा लागला होता, हे त्याने रिक्षात परत येताना सांगितलं.