लेकरांच्या चाकांसाठी जागा मागताना

मागच्या आठवड्यात अंबाजोगाईहून वहिनीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिनं बोलायच्या आधी भाचीचा कोपर कॅमेऱ्यासमोर धरला. पार सोलून निघालेला. भाची नववीत आहे, स्केटिंग करते, तिच्या क्लासची लेकरं रोज सकाळी साडेपाचला गावाबाहेरच्या नव्या रोडवर जमतात कारण तेवढाच एक बरा डांबरी पट्टा आहे आणि त्या वेळी गाड्या कमी असतात. पण कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासनंच लागतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, मग कुणीतरी शिट्टी मारायची आणि सगळ्या लेकरांनी साइडपट्टीवर उतरायचं. तशीच ही उतरली, चाक खडीत अडकलं आणि पडली. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या तिथं तुम्ही मिळून ते स्केटिंगचं मैदान करून घेतलं म्हणता, ते नेमकं कसं केलं ते सांगा की एकदा. फोटो नका पाठवू, कसं केलं ते सांगा."

फोनवर तेवढं सांगून होईना, म्हणून बसून लिहायलेय.

आम्ही नॉटिंगहॅमपासून गाडीनं अर्ध्या तासावर राहतो, छोटं गाव आहे, एक मेन रोड, चर्च, लायब्ररी, दोन सुपरमार्केट. नदीकडच्या मैदानात पूर्वी लेकरांना स्केटिंगला लोखंडी रॅम्प, म्हणजे चढ-उतार होते. २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिम्पिक झालं, स्केटबोर्डिंग आणि बीएमएक्स फ्रीस्टाइल, म्हणजे छोट्या सायकलीवरच्या कसरती, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आले, स्केटबोर्डिंगमध्ये जपानच्या मोमिजी निशियाला तेराव्या वर्षी गोल्ड मिळालं आणि ब्रिटनच्या स्काय ब्राऊनला, तीही तेराच वर्षांची, ब्राँझ. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, टीव्हीसमोरून हलेना. आणि त्याच सप्टेंबरात वार्षिक तपासणीत रॅम्पचे वेल्डिंग सुटलेले निघाले, गंज लागलेला, आधी जाळी लावली आणि दोन महिन्यांत सगळं उचलून नेलं. नवीन कधी, तर त्याचं कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग लेकरं सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये फिरायला लागली, तिथून हाकलली की लायब्ररीच्या पायऱ्यांवर, आणि गावात बोलणं सुरू झालं की ही पोरं फार त्रास द्यायलीत. मला त्याचा खरंच राग आला होता. जागा काढून घेतली आपण आणि दोष लेकरांना.

आम्ही चार-पाच घरं एकत्र आलो आणि पहिली चूक केली ती म्हणजे ऑनलाइन सह्या गोळा केल्या. धडाधड सह्या आल्या, माझ्या पुण्याच्या मैत्रिणींनीसुद्धा केल्या, आम्ही खूश. टाऊन कौन्सिलच्या मीटिंगमध्ये सुरुवातीला पंधरा मिनिटं गावातल्या लोकांसाठी असतात, एकेकाला तीन मिनिटं, तिथं आम्ही तो आकडा वाचून दाखवला आणि एका सदस्यानं शांतपणे विचारलं, यातले या गावात राहणारे किती? आम्हाला सांगता आलं नाही. नंतर तिथल्या क्लार्क बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सही सोपी असते, म्हणून तिचं वजन पडत नाही, पत्ता घातलेलं आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पत्र आणा, एकेक पत्र वाचावं लागतं.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी लायब्ररीच्या बाहेर टेबल लावलं. हे टेबलाचं आम्ही लंडनच्या लोकांकडून शिकलो. थेम्सच्या काठी साउथबँकला क्वीन एलिझाबेथ हॉलच्या खाली एक मोकळी जागा आहे, सत्तरच्या दशकापासून पोरं तिथं स्केटिंग करतात, २०१३ मध्ये तिथं दुकानं काढायची योजना आली तर स्केटिंगवाल्यांनी तिथंच टेबल टाकलं आणि रोज बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहिले, दीड लाखाच्या वर माणसं जोडली. २०१४ मध्ये ती जागा वाचली आणि २०१९ मध्ये तर तिचा बंद करून ठेवलेला भागही परत उघडला. आमचं गाव केवढं आणि आमचं टेबल केवढं, पण पद्धत तीच. इंग्लंडात नोव्हेंबरात सतत भुरभुर पाऊस असतो, पहिल्या शनिवारी सगळी पत्रं ओली झाली, पेनाची शाई पसरली, तेव्हापासून पेन्सिली ठेवल्या कारण कागद भिजला तरी पेन्सिलीचं पसरत नाही. मी चिवडा आणि शंकरपाळी करून नेत होते. लोक शंकरपाळीसाठी थांबायचे आणि हातात पुडी असेपर्यंत बोलायचे, तेवढा वेळ पुरतो. एका आजींनी लिहिलं की माझा मुलगा या मैदानावर मोठा झाला, तो आता नाही, पण तिथं लेकरांचा आवाज असावा असं मला वाटतं. ते पत्र मी मीटिंगमध्ये वाचलं, माझा आवाज फुटत नव्हता.

विरोधही होता आणि तो खोटा नव्हता. मैदानाला लागून ज्यांची घरं आहेत त्यातले एक आजोबा दर मीटिंगला येऊन बसायचे, म्हणायचे जुन्या रॅम्पचा धाडधाड आवाज मी वीस वर्षं ऐकलाय, परत नको. आमच्यातले एक-दोघं त्यांच्यावर चिडायचे. पण आवाजाचं त्यांचं बरोबरच होतं, लोखंडी पत्र्याचा रॅम्प आतून पोकळ असतो, ढोलासारखा वाजतो, काँक्रीट जमिनीत भरीव बसतं म्हणून तसा घुमत नाही. हे आम्ही सांगून त्यांना पटेना, तेव्हा एका रविवारी माझा नवरा त्यांना गाडीत घालून शेजारच्या गावच्या काँक्रीटच्या पार्कवर घेऊन गेला, सोबत आमची आणि शेजारची मिळून तीन लेकरं. आजोबा बाकावर तासभर बसले, थर्मासमधला चहा पीत, काही बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, आवाजाचं ठीक आहे, मला खरी धास्ती रात्रीची आहे, लाइट लावले तर रात्री बारापर्यंत कल्ला चालंल. मग आम्ही आराखड्यातून मोठे लाइट काढले. त्यांनी पाठिंबा दिला नाही, पण प्लॅनिंगला, म्हणजे बांधकामाची परवानगी देणाऱ्या खात्याला, पत्र पाठवलं की लाइट नसतील तर माझी हरकत नाही. आमच्या फाइलमधलं सगळ्यात उपयोगाचं पत्र तेच ठरलं, हे मी मनापासून सांगते.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती, ती लेकीनं दाखवली. डिझाइनवाला माणूस शाळेच्या हॉलमध्ये आला, टेबलांवर मातीचे गोळे ठेवले आणि लेकरांना म्हणाला, तुम्हाला काय पाहिजे ते करून दाखवा. पोरांनी खोल वाट्या केल्या, उंच उतार केले. माझ्या लेकीनं आणि तिच्या मैत्रिणीनं एक बसायचा कट्टा केला आणि दोन दारं केली. का, तर एकच दार असलं की मोठी पोरं तिथंच उभी राहतात आणि आम्हाला त्यांच्यातनं जावं लागतं. मेक स्पेस फॉर गर्ल्स नावाची संस्था इथं हेच सांगत असते की मोठ्या लेकरांसाठी म्हणून जे बनतं ते बहुतेक मुलंच वापरतात आणि मुली हळूहळू बाहेर पडतात. आमच्या पार्कला आता दोन वाटा आहेत, नवशिक्यांसाठी बाजूला एक उथळ भाग आहे आणि कट्टा आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. दीड लाख पौंडांच्या पुढचं काम होतं. गावात नवीन घरं बांधणाऱ्या बिल्डरला इथं परवानगीच्या बदल्यात गावाच्या सोयींसाठी पैसे द्यावे लागतात, त्याला सेक्शन १०६ म्हणतात, मोठा हिस्सा तिथून आला. लॉटरीच्या फंडातून लहान संस्थांना वीस हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, त्याला संस्थेची नियमावली लिहून, बँक खातं काढून संस्था करावी लागते आणि कमिटीत एकमेकांच्या नात्यातले नसलेले निदान दोन माणसं लागतात, नवरा-बायकोवर भागत नाही, म्हणून मी कमिटीत गेले आणि नवरा ड्रायव्हर राहिला. आणि ऑर्डर आमच्या संस्थेनं न देता कौन्सिलनं दिली, कारण कौन्सिलला वीस टक्के व्हॅट परत मिळतो, आम्हाला मिळाला नसता. ही एक गोष्ट कळायला आम्हाला वर्ष लागलं. कुणी आधी सांगितली असती तर केवढी पळापळ वाचली असती.

२०२४ च्या वसंतात काम सुरू झालं. मी रोज कामावरून येताना थांबायचे. उतारावर सळया बांधलेल्या, त्यावर पाइपातून जोरात काँक्रीट फवारायचे आणि लगेच चार-पाच गवंडी गुडघ्यावर बसून, गोलाईच्या फळीचं माप लावत, गुरमाळ्यानं घोटत जायचे, परत परत, काँक्रीट आवळून येईपर्यंत. सकाळी सात ते संध्याकाळी सहा एकच वाटी. मी ते व्हिडिओ अण्णांना पाठवले. माझे वडील बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण असलं काही दिसलं की त्यांचा फोन येतोच.

वहिनीचा कॉल झाल्यावर त्यांचाच फोन आला. "तिथल्यासारखं इथं उचलून ठेवता येणार नाही बाई. आपल्या काळ्या मातीवर तसलं काँक्रीट ओतलं तर एका पावसाळ्यात तडकंल. माती फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. आधी काळी माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, मग वर काय करायचं ते करा." हे मला इंग्लंडात कुणी सांगितलं नसतं. आणि दुसरं ऊन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीसच्या वर जातं, दुपारी त्या फरशीवर हात ठेवता येणार नाही, म्हणजे आपली लेकरं पहाटे आणि दिवस मावळल्यावरच येणार. इथं आम्ही लाइट काढले, तिथं लाइट आणि कडेनं झाडं आधी लागतील. आणि लाइट म्हटल्यावर शेजारच्या घरांशी बोलणं आलंच, ते आधी करायचं, नंतर नाही.

मला वाटतं आपल्याकडं सुरुवात पंप ट्रॅकनं करावी. म्हणजे छोटा गोल ट्रॅक, त्यात लाटांसारखे उंचवटे आणि वळणाला चढत गेलेली भिंत, पेडल न मारता शरीर वर-खाली करून त्यावर सायकल पळते, आणि तोच ट्रॅक स्केट्सना, स्केटबोर्डला, स्कूटरला चालतो. जागा कमी लागते. त्याच्या बाहेरून एक साधा सपाट गोल पट्टा ठेवला की भाचीसारख्या स्पीड स्केटिंगवाल्यांना सराव करता येतो. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत भारताच्या मुलींना आणि मुलांना दोघांनाही ब्राँझ मिळालं, शालेय क्रीडा स्पर्धांतही स्केटिंग असतं, म्हणजे हा खेळ काही परका राहिलेला नाही. आपल्याच बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्यातून निघून जगात पळाला, पण पळायला कच्चा रस्तासुद्धा चालतो, चाकाला गुळगुळीत जमीन लागते आणि ती कुणीतरी करून द्यावी लागते. मानव विकासच्या योजनेतून आपल्याकडच्या आठवी ते बारावीच्या किती मुलींना सायकली मिळाल्यात, शाळेला जायला-यायला. त्याच सायकलीवर खेळायला म्हणून त्या कधी बसल्यात का? त्यांना त्या पट्ट्यावर फिरायला कुणी अडवू नये एवढंच बघायचं.

मुलींचं म्हणते कारण मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाच्या खेड्यात २०१५ मध्ये एका जर्मन बाईंनी, उलरिक राइनहार्ड त्यांचं नाव, स्केटपार्क उभा केला आणि तिथं दोनच नियम ठेवले, शाळेला गेलं नाही तर स्केटिंग नाही आणि मुली आधी. खेड्यात, आदिवासी लेकरांसाठी. त्यापुढं अंबाजोगाई तर केवढं मोठं गाव.

वर्गणी आणि श्रमदान आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. २०१६ ला पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांची पाणी अडवायची स्पर्धा, झाला तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, त्यात अंबाजोगाई होता, बाया-माणसं टिकाव-फावडी घेऊन उन्हात चर खणत होती, आमच्या घरातलेही गेले होते. आपलं अडतं ते नेमकं मागण्यात. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा आणि घरी यायचं, आमच्या ऑनलाइन सह्यांसारखंच आहे ते. त्यापेक्षा एकच जागा धरा. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, त्यातली कुठली मोकळी पडलीय ती बघा, तिचा सर्व्हे नंबर काढा, नगरपालिकेकडं त्या नंबरचाच ठराव मागा. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं चौकशी होते, जिल्हा नियोजनचा निधी आहे, आमदार निधी आहे, पण ते सगळे आधी विचारतात जागा कुणाच्या नावावर आहे. आणि पत्रं लिहून घ्या, प्रत्येक आई-बापाकडून, लेकरांकडून, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांचा विरोध असला तर तोही लिहून घ्या. झाडणार कोण, कुलूप कुणाकडं राहणार हेही त्याच फाइलीत घाला. आमच्याकडं दर रविवारी दोन घरं खराटा घेऊन जातात, पाळ्या लावल्यात, कारण एवढासा खडा चाकाखाली आला तरी लेकरू तोंडावर पडतं.

हे सगळं वहिनीला सांगून चार दिवस झाले. काल तिचा फोटो आला. कॉलनीच्या ओपन स्पेसमधलं गवत काढलंय, अण्णांनी टेप धरून मापं घेतलीत आणि क्रिकेटच्या पिचला मारतात तशी फक्की मारून ट्रॅकची आखणी केलीय, वळणं, उंचवट्यांच्या जागा, सगळं. भाची कोपराला पट्टी बांधून मधोमध उभी आहे आणि कॉलनीतली सात-आठ लेकरं त्या पांढऱ्या रेषेवरून सायकली फिरवायलीत. खाली वहिनीनं लिहिलंय, समोरचे देशमुख काका विचारायलेत हे काय चाललंय, संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला जायलोत.