आमची वाटचाल : दरजा भरता भरता

आधी कबुली देतो. पहिला जुना वाडा हाती आला तेव्हा आम्ही साधे बांधकाम ठेकेदार होतो, आणि त्याच्या विटांच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, आम्ही सरळ सिमेंटने भरल्या. मालक खूश, आम्हीही. तीन पावसाळ्यांत विटा बोटाने खरवडून याव्यात इतक्या भुसभुशीत झाल्या. जुन्या भिंतीत ओल चढतेच. चुन्याच्या दरजेतून ती बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती विटेतून वाट काढते आणि क्षार मागे ठेवून जाते. लोणा लागतो तो असा. स्वखर्चाने ते सिमेंट छिन्नीने काढलं, तर विटांचे कोपरेही सोबत आले. त्या दिवसापासून ठरलं: जे उद्या सुखरूप काढता येणार नाही, ते आज लावायचं नाही.

मग चुना शिकलो, एका म्हाताऱ्या गवंडीकाकांकडून. कळीचा चुना विरवणं, तो पाण्याखाली मुरवणं, सुर्खी म्हणजे विटेची भुकटी, गूळ, हिरड्याचं पाणी. आणि दर थराला थांबणं. गिऱ्हाइकाला हे थांबणंच पटत नाही.

पण खरी परीक्षा चुन्याची नव्हती. एका माजघरात भिंतीवर गणपतीचं चित्र होतं, अर्धा चेहरा पोपडा होऊन गळलेला. काकू म्हणाल्या, "घरात लग्न आहे, तेवढा पुरा करून द्या." जुन्या वास्तूंच्या जतनाची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिसची सनद सांगते की अंदाज सुरू होतो तिथे हात थांबला पाहिजे. हे मला पाठ होतं. पण रोज त्या गणपतीपुढे दिवा लावणाऱ्या बाईला व्हेनिसचं काय! भंगलेली मूर्ती पुजू नये, हीही नीतीच आहे, आणि आमच्या सनदेपेक्षा जुनी.

मला अजिंठा आठवत होता. निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. चित्रं वाचावीत म्हणूनच त्यांनी लाखेचं व्हार्निश दिलं. ते पिवळं पडलं, आणि ते उतरवणं हेच पुढच्यांचं काम होऊन बसलं. ती माणसं काही अडाणी नव्हती.

आम्ही सुटणाऱ्या कडा पक्क्या केल्या, गेलेल्या जागी नुसता मातकट रंग भरला, डोळा काढला नाही. पूजेसाठी शेजारच्या कोनाड्यात पितळी गणपती बसवला. लग्न पार पडलं. काकू अजून म्हणतात, "तो अर्धा चेहरा बघवत नाही रे." मलाही बघवत नाही.