पाणी म्हणायची भीती

एफवायला पुण्यात होते तेव्हा पहिल्याच महिन्यात भूगोलाचं प्रेझेंटेशन होतं आणि विषय मी स्वतः मागून घेतला होता, तापी खोऱ्यातलं सिंचन. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. रात्रीची लाईट असली की वडिलांबरोबर शेतात पाणी भरायला मी जायचे, त्यामुळे या विषयावर वर्गात माझ्याइतकं कोणाला माहीत असेल असं मला वाटत नव्हतं. उभी राहिले, दुसऱ्याच वाक्यात "पानी" म्हणाले, मागच्या बाकावरून कोणीतरी "पानी पानी" करून दाखवलं, सगळे हसले, सर पण हसले आणि म्हणाले, "खान्देश का? तरीच."

तिथून पुढची दहा मिनिटं माझं डोकं सिंचनात नव्हतंच, पुढच्या वाक्यात ण येतोय का तेवढंच बघत होतं. पाणीच्या जागी जल, पणच्या जागी परंतु, आणिच्या जागी व. प्रमाण म्हणायचं आलं तिथे दुसरा शब्दच सापडेना म्हणून ती अख्खी स्लाइड मी सोडून दिली, आणि ठिबकमुळे पाणी किती वाचतं ते नेमकं त्याच स्लाइडवर होतं. शेवटी सर म्हणाले तयारी कमी पडली.

नंतर तीन वर्षं मी वर्गात जवळजवळ बोललेच नाही. शांत आहे, गावाकडची आहे, असं माझ्याबद्दल ठरून गेलं आणि हळूहळू मलाही तेच खरं वाटायला लागलं. घरी मात्र आई आमच्या बोलीत, अहिराणीत म्हणायची, हिना तोंडले कोनीतरी कुलूप लावा.

हे काय झालं होतं ते मला बी.एड.ला मानसशास्त्र वाचताना कळलं. 1995 मधे क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन या दोघांनी अमेरिकेत स्टॅनफर्डला प्रयोग केला होता. भाषेचा एकच अवघड पेपर, पण काही मुलांना सांगितलं की यातून तुमची बौद्धिक क्षमता मोजली जाणार आहे, आणि काहींना सांगितलं की क्षमतेचा काही संबंध नाही, माणूस प्रश्न कसे सोडवतो ते आम्ही बघतोय. पहिल्या गटात काळ्या मुलांचा पेपर गोऱ्या मुलांपेक्षा वाईट गेला, दुसऱ्यात (आधीचे मार्क हिशोबात धरले तर) तसा फरक राहिला नाही. मुलं तशीच, पेपरही तोच. आपल्या लोकांबद्दल जे बोललं जातं ते आज आपल्यामुळे खरं ठरेल, ही भीतीच डोक्यातली जागा खाते. 2003 मधे श्मेडर आणि जॉन्स यांनी तेच तपासलं, की अशा दबावाखाली एका वेळी डोक्यात धरून ठेवायची ताकद कमी होते. मी वाचता वाचता थांबले, कारण ती "प्रमाण"वाली स्लाइड डोळ्यासमोर आली. पुढे हे प्रयोग बऱ्याच ठिकाणी परत केले गेले आणि दर वेळी परिणाम इतका मोठा आला नाही, तेही सांगायला पाहिजे. पण मला त्यातली गोष्ट खोटी वाटत नाही, मी ती उभी राहून भोगलेली आहे.

त्याहून जवळचा प्रयोग आपल्या देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जितकी सुटतील तितके पैसे. जात कोणाला माहीत नव्हती तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं सारखीच होती. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जात मोठ्याने वाचली, मुलाने फक्त मान हलवायची. त्यानंतर दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली.

हे सगळं वाचून, पास होऊन, मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला शाळेत लागले. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं पावरा आदिवासी. सातवीतला एक मुलगा विचारलं तरी मान खाली घालायचा. पहिल्या सत्राच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिलं, "अबोल. लाजाळू. गणितात मागे." माझ्याच हाताने लिहिलं, आणि लिहिताना मला काही वावगं वाटलं नाही.

हे माझ्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. लहानपणी विहिरीवरची मोटर चोरीला गेली की गाव आधी भिलाटीकडे, म्हणजे भिल्लांच्या वस्तीकडे बघायचं. चोर दुसराच निघाला तर तो एकटा वाईट, भिलाटीतला निघाला तर "ते तसेच". 1976 मधे हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दल वाक्यं वाचायला दिली, मोठ्या गटाची 18 चांगली 8 वाईट, लहान गटाची 9 चांगली 4 वाईट. प्रमाण अगदी सारखं, तरी लोकांच्या लक्षात लहान गट जास्त वाईट म्हणून राहिला. म्हणजे कोणी मुद्दाम शिकवलं नाही तरी हे डोक्यात बसतं, आणि आमच्याकडे तर शिकवणारेही होते.

होळीच्या आधी आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराला गेले होते. ढोल, गर्दी, आणि डाळ्यांच्या दुकानावर तोच मुलगा, आईबरोबर. आईशी पावरीत बोलत होता आणि दुकानदाराला अहिराणीत सांगत होता, "दादा, दोन किलोना दोनशे चाळीस व्हतस, तुम्ही दोनशे साठ कसाले मांगी राहिनात?" दुकानदाराने मुकाट्याने वीस परत दिले. मला बघितल्याबरोबर त्याने मान खाली घातली. ती मान मी पुण्यात तीन वर्षं घालून बसले होते, त्याच्या वर्गात सरांच्या जागी आता मी होते.

घरी आल्यावर मला अजून एक आठवलं, त्याने मला जास्त टोचलं. घटक चाचणीच्या दिवशी सकाळी मी वर्गात सांगायचे, एसटीवाले (म्हणजे अनुसूचित जमातीची मुलं) उभे रहा, स्कॉलरशिपचे फॉर्म. सगळ्यांसमोर. आणि लगेच पेपर वाटायचे.

आता फॉर्म मी चाचणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून भरून घेते, वेळ खूप जातो, ऑफिसमधून घाई करतात तरी. नोंद बदलली: "पावरी, अहिराणी, मराठी बोलतो. तोंडी हिशोब पक्का." तो अजूनही हात वर करत नाही. पण मागच्या आठवड्यात शेकडेवारीचं उदाहरण फळ्यावर होतं, मी त्याच्या बाकाजवळ गेले आणि विचारलं, "आहिरानीमा सांगस का?" पूर्ण वर्ग माझ्याकडे बघायला लागला, कारण मॅडमच्या तोंडून त्यांनी अहिराणी कधी ऐकलीच नव्हती. त्याने उत्तर सांगितलं, बसूनच, हळू आवाजात.