तीन नंबरचं पाणी जातंय कुठं?

वर्कशॉपच्या बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'आठ व्हॉल्व्ह लॅपिंग', म्हणजे इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपापल्या सीटवर (बैठकीवर) घासून घट्ट बसवलेत. ते बिल मी अजून ठेवलंय. त्यातले सात खरे होते, आठव्याने माझे नऊ दिवस खाल्ले.

आमच्याकडे आजोबांच्या काळातला करडा फर्ग्युसन आहे. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले, त्यातलाच एक. इंजिन स्टँडर्डचं, चार सिलिंडर, बोअर ८५ मिलिमीटर, स्ट्रोक ९२, एकूण २०८८ सीसी. मूळचा रॉकेलवरचा. पेट्रोलवर चालू करायचा आणि तापला की रॉकेलवर टाकायचा. पण मधे कधीतरी हेड (सिलिंडरांवरचं झाकण) तडकलं आणि भंगारातलं दुसरं बसवलं, असं आप्पा सांगतात. ते पेट्रोलवाल्या ट्रॅक्टरचं होतं की रॉकेलवाल्या, ते त्यांनाही आठवत नाही.

सगळा घोळ इथे आहे. रॉकेल लवकर ठोकायला (दाबाने आपोआप पेटायला) लागतं, म्हणून रॉकेलच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) कमी ठेवलेलं असायचं. हेड पेट्रोलचं निघालं आणि मी त्यावर रॉकेल जाळत बसलो, तर पिस्टनची वाट लागणार. त्यात वर्कशॉपमध्ये त्याचा फेस मारून (खालची बाजू कापून सपाट करून) आणलेला. किती मारला विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "थोडासाच." थोडासाच म्हणजे किती, हे त्यांच्याकडून काढणं कुणालाच जमलं नसतं. म्हणून ठरवलं, हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरवर जो खोलगट असतो, म्हणजे चेंबर, त्यात किती पाणी मावतं तेच मोजायचं. जितकं कमी मावतं तितकं कॉम्प्रेशन जास्त.

ब्युरेट (तोटी असलेली, रेघा मारलेली काचेची नळी) ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांकडून मागून आणली, ५० मिलिलिटरची. एका चेंबरला दोनदा भरावी लागते, पण चालतं. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने करणारे आहेत, मीही आधी करून पाहिलं. एकेका मिलिलिटरच्या रेघांवर अर्धा मिलिलिटर आपल्या मनाचाच असतो. वर झाकायला आठ मिलिमीटरची ॲक्रिलिक पट्टी घेतली, तिच्या कडेजवळ एक भोक पाडलं. तीन मिलिमीटरची घेऊ नका, दाबली की वाकते. आणि पाण्याऐवजी स्पिरिट वापरायचा मोह झाला तर ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, माझी पहिली पट्टी त्यातच गेली.

हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवलेले, प्लग घट्ट. चेंबरच्या काठाने ग्रीसची बारीक रेघ ओढायची आणि पट्टी दाबून बसवायची. हेड किंचित तिरकं ठेवायचं, भोक सगळ्यात वर येईल असं, म्हणजे बुडबुडा तिथूनच निघून जातो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे कोपऱ्यात चिकटून बसतात. मी जिलेबीचा केशरी रंगही टाकला होता, रेघ नीट दिसावी म्हणून. पुढे तोच कामी आला.

एक नंबरचा चेंबर ९३.१ मिलिलिटर. दोन नंबर ९३.०. चार नंबर ९३.३. तीन नंबर ९४.२.

एवढा फरक? पुन्हा मोजलं, ९५.१. सावकाश, नीट, दम धरून मोजलं तर ९६.४. जितकं काळजीपूर्वक करावं तितका आकडा फुगत चालला. पहिला संशय ब्युरेटच्या तोटीवर. ती रिकाम्या ग्लासावर धरून दहा मिनिटं बसलो, थेंब नाही. मग ग्रीसवर. ग्रीस पुसलं, पुन्हा लावलं. जास्त लावलं की ते आत सरकतं आणि आकडा कमी येतो, वाढत नाही, हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मग स्पिरिट लेव्हल आणली. आप्पा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "पाणी मोजून कुणी नांगरलंय का रे आजवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्झॉस्टच्या पोर्टात (धूर बाहेर जायच्या वाटेत) सहज बोट घातलं आणि बाहेर काढलं तर टोक केशरी. पाणी चेंबरमध्ये भरत नव्हतंच. मी जेवढा वेळ लावत होतो तेवढं ते व्हॉल्व्हच्या सीटमधून खाली पाझरत होतं. कापसाचा बोळा पोर्टात कोंबला, पाच मिनिटांनी काढला, तो जिलेबीसारखाच निघाला.

हेड घेऊन वर्कशॉपला गेलो. तालुक्याच्या गावी, मोटरसायकलला बांधून. फर्ग्युसनचं हेड चांगलंच जड असतं, हे पाठीला विचारा. मिस्त्री म्हणाले, "पाणी झिरपतंच हो पाव्हणं. चालू केलं की आपोआप बसतं." मी म्हटलं, बाकीची तीन का झिरपत नाहीत? "उद्या या." उद्या गेलो तर कुणाचातरी डिझेलचा क्रँक लागला होता. परवा मिस्त्री लग्नाला. तेरवा म्हणाले, "तुमचं हे खेळणं आहे, माझ्याकडं पोट भरणाऱ्या गाड्या उभ्या आहेत." गाड्या खरोखरच उभ्या होत्या, त्यामुळे त्यावर काही बोलताही येईना.

शेवटी मी ब्युरेट, पट्टी, ग्रीस, केशरी पाण्याची बाटली सगळं पिशवीत घालून गेलो आणि त्यांच्याच टेबलावर मांडलं. चार नंबर भरला, पाणी जागच्या जागी. तीन नंबर भरला आणि पोर्टाखाली पांढरा कागद धरला. अर्ध्या मिनिटात पहिला ठिपका पडला. मिस्त्री बघत राहिले. मग त्यांच्याकडच्या पोराला हाक मारली आणि स्प्रिंग दाबून लॉक काढले, व्हॉल्व्ह हातात घेतला.

बाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला लॅपिंगच्या पेस्टने मंद राखाडी कडं उमटलं होतं, पूर्ण गोल, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. तीन नंबरच्या एक्झॉस्टला कडंच नव्हतं. चकचकीत, आरशासारखा. पोरगं म्हणालं, "दादा, जुना जळाला होता, म्हणून नवा टाकला. नवाच आहे ना, त्याला कशाला घासायचं?" जुन्या व्हॉल्व्हसाठी घासलेल्या सीटवर नवा कोरा व्हॉल्व्ह. मिस्त्री त्याच्याकडे बघत होते, मी बिलाकडे.

व्हॉल्व्हच्या तोंडाला पेस्ट लावून वीस मिनिटं घासलं, काम झालं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. एवढं मात्र मान्य करतो. घरी आल्यावर तीन नंबर भरला : ९२.८. तीनदा मोजला, तीनही वेळा दशांशाच्या आत. त्या रात्री मी हेडशेजारी खुर्ची टाकून उगाचच बसलो होतो.

व्हॉल्व्ह काढताना ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात खोचा. रॉकेलच्या डब्यात सगळे एकत्र टाकलेत तर कुठला कुणाच्या सीटचा, हे शोधायला असेच नऊ दिवस लागतील.

मग गणित. एका सिलिंडरचा स्ट्रोकभरचा भाग ५२२ सीसी. त्याला रॉकेलवालं ५ चं कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर आल्यावर साधारण १३० सीसी जागा उरायला हवी, पेट्रोलवालं ६ चं हवं तर १०४. माझ्याकडे चेंबरचे ९३, हेडखालच्या दबलेल्या जुन्या गॅस्केटचे (१.२ मिलिमीटर जाड, भोक ८८) ७.३, आणि पिस्टन लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) काठाखाली ०.४ मिलिमीटर राहतो त्याचे २.३. पिस्टनचं डोकं सपाट, म्हणून तिथे वेगळं काही धरायचं नाही. एकूण १०२.६. ५२२ ला त्याने भागून एक मिळवला की ६.०९. गॅस्केट विसरलात तर आकडा साडेसहाच्या जवळ जातो आणि माणूस उगाच घाबरतो.

तर हेड पेट्रोलचं. रॉकेलची टाकी आता कोरडीच राहणार. आप्पांना सांगितलं, ते म्हणाले, "मी म्हणत होतोच." ते असं कधीच म्हणाले नव्हते.

आणि हो, प्लग वॉशरसकटच बसवून मोजा. वॉशर राहिला तर प्लग चेंबरमध्ये जास्त आत शिरतो आणि आकडा बिघडतो. मोजणं झालं की पाणी लगेच पुसून तेलाचं फडकं फिरवा, मी जेवायला गेलो तेवढ्यात सीटवर तांबूस गंज चढला होता. ब्युरेट धुऊन परत दिली तरी तोटीच्या टोकाला थोडा केशरी राहिलाच. मामांनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "काय मोजलंत, जिलेबी?"