बैल कुठल्या बाजूला पळतो?

तेल्हारा तालुक्यातल्या शाळेत शिकवतो, त्यामुळे इतिहासाच्या प्रदर्शनाला किल्ला न करता अडगावची लढाई टेबलावर मांडून पोरांनी फाशांवर खेळायची, हे आधीच ठरलं होतं. २९ नोव्हेंबर १८०३. सिरसोली आणि अडगाव ही नावं पोरांना एसटीच्या पाटीवरून माहीत. तिथे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज भिडली होती, हे मात्र घरी कुणी सांगितलेलं नसतं.

दोन टेबलं जोडून त्यावर थर्माकोल टाकला. काळी माती चाळून फेविकॉलमध्ये कालवली, तर वाळताना तिला आपल्या रानासारख्याच भेगा पडल्या. दिसायला झकास, पण त्या भेगांत अख्खी पलटण गडप झाली असती. म्हणून निम्मा भुसा मिसळला. शिपाई एम-सीलचे, तारेवर थापलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान. लाल डगला वाळला की पातळ तपकिरी रंगाचा हात द्यायचा आणि लगेच फडक्याने पुसायचं. रंग घड्यांत तेवढा राहतो आणि माणूस उठून दिसतो. हे आठवीच्या पोरी माझ्यापेक्षा छान करतात. साहेब आले, फोटो काढून गेले. टेबलावर कोण कुणाशी लढतंय, हेही विचारलं नाही.

खेळ सुरू झाला आणि तोफांच्या बैलांपाशी अडला. भोसल्यांच्या तोफा सुटल्या, तेव्हा सिरसोलीजवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांचे बैल बुजले, गाडीवान पळाले आणि त्या गोंधळात कंपनीच्याच देशी शिपायांच्या तीन पलटणी मोडल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याच पलटणी नेटाने लढल्या होत्या. आमची नियमावली घोड्यांसाठी लिहिलेली. जनावर उधळलं की फासा टाकायचा, पडेल त्या दिशेला पळवायचं.

कडेला उभे असलेले एका पोराचे आबाजी म्हणाले, "गुरुजी, बैल फाशावर कायले पयीन? ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं माघारी पयते. मांगून कोनी येत असन तं त्याच्या आंगावर."

फासा बाजूला ठेवला. बैल सरळ मागच्या रांगेत घुसले आणि तीन पलटणी एकाच डावात मोडल्या. पुस्तकात वाचून जे नीट उमगत नव्हतं, ते समोर घडलं.

पुढचं मात्र पुस्तकासारखं झालं नाही. प्रत्यक्षात वेलस्लीने त्या पलटणी गावाआड गोळा करून परत रांगेत आणल्या. आपण तिथे नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्याने नंतर पत्रात लिहिलं. तोवर भोसल्यांची फौज आपल्या जागीच उभी होती. शेवटी ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. आमच्याकडे भोसल्यांचे सेनापती व्यंकोजी यांची बाजू खेळणारी पोरगी थांबली नाही. तिने घोडदळ तडक पुढे घातलं आणि टेबल जिंकलं. टाळ्या पडल्या. मग तिनेच विचारलं, "सर, तवा आपले लोक कायले थांबले?"

तोफा सोडून पुढे जायची भीती? हुकूम द्यायला कुणी एक नव्हतं? फौज दोघांची होती, भोसल्यांचं पायदळ आणि शिंद्यांचं घोडदळ, एवढंच सांगता आलं. आता 'पहिल्या डावात भोसल्यांनी हलायचं नाही' असा नियम घातला, तर लढाई खरी होते आणि पोरीचा खेळ खोटा. नाही घातला, तर उलटं.

नियम अजून लिहिलेला नाही. पुढच्या खेळात तिने इंग्रजांची बाजू मागितली आहे. मोडलेल्या पलटणी गावाआड कशा जमवायच्या, ते तिला करून बघायचंय.