यकृताच्या गाठीतली साखर जाते कुठे?

पीएचडीला विषय मिळाला यकृताचा कर्करोग आणि त्यातलं चयापचय. जीवरसायनशास्त्रातून आल्यामुळे ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडून पायरुव्हेट हा तीन कार्बनचा रेणू करण्याच्या पायऱ्या) आणि क्रेब्ज चक्र (ते कार्बन पुढे जाळणारं चक्र) तोंडपाठ होतं. प्रत्यक्ष पेशीत ते पकडायचं म्हणजे काय, हे मात्र लॅबमध्येच कळलं.

गाठी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्गने १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. यकृतात हे प्रकरण जरा जास्तच रंजक आहे, कारण निरोगी यकृताचं एक काम रक्तात साखर सोडण्याचं. त्याच्याकडचं ग्लुकोकायनेज, म्हणजे साखरेला फॉस्फेट जोडून ती पेशीत अडकवणारं एन्झाइम, रक्तात साखर वाढली की जोमाने कामाला लागतं. कर्करोगात त्याच्या जागी बहुतेकदा त्याचंच भावंड हेक्सोकायनेज-२ येतं, आणि ते थोड्या साखरेवरही तुटून पडतं. यकृताच्या काही गाठी पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी साखर देऊन काढलेल्या चित्रात) उजळत नाहीत, त्याचंही मूळ इथेच. अशा गाठींत साखरेवरचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम शाबूत असतं, म्हणून स्कॅनसाठी दिलेली साखर पेशीत अडकत नाही.

माझा प्रश्न साधा होता: आत गेलेल्या ग्लुकोजचे कार्बन पुढे कुठे जातात? नुसतं प्रमाण मोजून याचं उत्तर मिळत नाही. हौदात पाणी कमरेइतकं आहे एवढ्यावरून नळ आणि मोरी दोन्ही बंद आहेत की दोन्ही वाहताहेत, हे कसं सांगणार? म्हणून सहाही कार्बन कार्बन-१३ चे, म्हणजे कार्बनच्या किंचित जड रूपाचे, असलेलं ग्लुकोज पेशींना द्यायचं आणि रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याचा माग काढायचा, असं ठरलं.

तयारीतच बराच काळ गेला. पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या द्रवात, मीडियममध्ये, ग्लुकोज २५ मिलिमोलर असतं, उपाशीपोटी रक्तात साधारण ५. इतक्या गोडात वाढलेल्या पेशींवरून गाठीबद्दल बोलायला मला संकोच वाटत होता, म्हणून ५ वरच प्रयोग केला. मीडियममध्ये घालायचं सीरमही डायलिसिस केलेलंच (लहान रेणू गाळून काढलेलं) हवं, नाहीतर त्यातली साधी साखर आपल्या महागड्या साखरेत मिसळते. पेशींचा वाद वेगळाच. हेपजी२ ही लॅबमध्ये वाढवलेली पेशींची जात सगळे वापरतात, पण ती यकृताच्या नेहमीच्या कर्करोगाची नाही, हेपॅटोब्लास्टोमाची (लहान मुलांच्या यकृतातल्या गाठीची) आहे. पीएचडीची समिती हे विचारणारच, म्हणून सोबत नेहमीच्या कर्करोगाची ह्यूह७ घेतली.

खरी कसोटी पेशींतल्या क्रिया एका क्षणी थांबवण्याची. ग्लायकोलिसिसमधले मधले रेणू काही सेकंदांत बदलतात. ट्रिप्सिन या एन्झाइमने प्लेटला चिकटलेल्या पेशी सोडवत बसलं तर तेवढ्यात सगळं चित्र पालटतं. मीडियम ओढून घ्यायचं, सलाइनचा एक झटपट हात, प्लेट ड्राय आइसवर, आणि उणे ८० अंशांवर ठेवलेलं ८० टक्के मिथेनॉल वरून ओतायचं. प्लेटचा तळ धुक्यासारखा पांढरा होतो, हातमोजे बाटलीला चिकटतात, आणि खरडणी फिरवताना एकही कोपरा सुटून चालत नाही. एकजण घड्याळ बघून हाक देणार, दुसरा हात चालवणार. हे एकट्याने करू नये असं माझं ठाम मत आहे, कुणी कितीही सराईत असो.

यंत्रावरचं काम त्यामानाने शांत, पण आकडे तसेच्या तसे वापरता येत नाहीत. निसर्गातला सुमारे १.१ टक्का कार्बन मुळातच कार्बन-१३ असतो. तो हिशेबातून वजा करावा लागतो.

लॅक्टेटवर तीन जड कार्बनचा पीक (आलेखावरचा उंचवटा) ठळक आला, त्यात नवल नव्हतं. मी जास्त वेळ बसले ते सायट्रेटपाशी, क्रेब्ज चक्राच्या पहिल्या रेणूपाशी. तिथे दोन जड कार्बनवाला पीक स्वच्छ दिसत होता. म्हणजे पायरुव्हेटचा काही भाग मायटोकॉन्ड्रियातल्या पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजमधून (एक कार्बन काढून बाकीचे दोन पुढे देणाऱ्या एन्झाइममधून) चक्रात जातच होता. गाठीतलं श्वसनच बिघडलेलं असतं, असं वारबर्गला वाटायचं. बहुतेक गाठींच्या बाबतीत ते खरं नाही, हे आता माहीत आहे. तरी आपल्या पेशींत ते बघताना बरं वाटलं. तीन कार्बनवाला लहान पीकही होता. तो पायरुव्हेट कार्बोक्सिलेजचा (पायरुव्हेटचे तिन्ही कार्बन राखून चक्रात नेणाऱ्या एन्झाइमचा), म्हणजे साखर घडवण्याच्या यकृताच्या जुन्या वाटेवरचा असू शकतो. पण चक्राच्या पुढच्या फेऱ्यांतूनही असा पीक येतो, म्हणून त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

त्यासाठी आता पहिलाच कार्बन जड असलेलं पायरुव्हेट वापरायचं आहे. डिहायड्रोजिनेजच्या वाटेने गेलं तर तो कार्बन वायू होऊन निघून जातो, कार्बोक्सिलेजच्या वाटेने गेलं तर सायट्रेटपर्यंत टिकतो. प्लेट्स लावल्या आहेत.